१७४ लावून बघ: फोनवर वेळ सांगणारी सेवा कशी चालायची आणि ती गेल्यावर वेळ विचारायची कुणाला?

मे महिन्याच्या शेवटी मामाचा फोन आला. मामा वाळूजला एका कंपनीत पहिल्या पाळीला जातो. आवाजावरूनच कळलं की चिडलाय. "अगं, महिन्यात चौथा लेट मार्क. तीन झाले की अर्धा दिवस कापतात. मी मशीनवर बोट ठेवलं तेव्हा माझ्या मोबाईलात सहा एकोणसाठ झाले होते, मशीन म्हणतं सात वाजून सहा मिनिटं. सुपरवायझरला दाखवलं तर म्हणतो, मोबाईलचं घड्याळ काय, कुणीही मागेपुढे करतं."

आणि मग तो जे म्हणाला त्यावरून हा लेख सुचला. "पूर्वी असतं ना, तर तिथंच त्याच्यासमोर १७४ लावला असता."

तुमचं वय तिशीच्या आत असेल तर १७४ म्हणजे काय हे कदाचित माहीतही नसेल. लँडलाइनच्या काळात १ ने सुरू होणारे तीन आकडी नंबर घरोघरी पाठ असायचे. १०० पोलीस, १०१ अग्निशमन, १९७ नंबर चौकशी, १९८ फोन बंद पडल्याची तक्रार. (तक्रार करायला शेजाऱ्यांकडे जावं लागायचं हे ओघानं आलंच.) आणि १७४ म्हणजे वेळ. फोन लावायचा, पलीकडून रेकॉर्ड केलेला आवाज किती वाजले ते तास, मिनिट, सेकंदासकट सांगायचा, मग टोन वाजायचा. बास. एवढीच सेवा.

आमच्या सिडकोतल्या घरात या नंबरचे सगळ्यात मोठे ग्राहक होते आजोबा. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू गेली. डोळ्यात दोन वेगवेगळे थेंब ठरलेल्या वेळेला घालायचे असत, आणि दर वेळी "किती वाजले रे?" असं घरातल्या कुणाला तरी विचारणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. फोनची बटणं त्यांना बोटांनी ओळखता यायची. पाचच्या बटणावर छोटा उंचवटा असतो, तिथून अंदाज घ्यायचा. एक, सात, चार. ऐकायचं, रिसीव्हर ठेवायचा, थेंबाची बाटली उचलायची. मी शाळेतून आले की मला सांगायचे, "भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागं आहे, लाव." भिंतीवरचं घड्याळ त्यांना दिसत नव्हतं. त्याचे टोले आणि फोनवरचा टोन यातला फरक ते मोजायचे!

मी सातवी-आठवीत असताना कधीतरी १७४ लावल्यावर वेळेऐवजी वेगळीच रेकॉर्डिंग लागायला लागली, डायल केलेला नंबर तपासा वगैरे. आजोबांनी चार-पाच दिवस रोज लावून बघितला. मग रेडिओ उशाशी आला, आणि थेंबांची वेळ बातम्यांच्या वेळेवर सरकली.

चला, आधी ही सेवा मुळात चालायची कशी ते बघू. त्यात जरा मजा आहे.

वेधशाळेचा फोन सतत बिझी

फोन आले तसे लोक फोनवर वेळ विचारू लागले. आधी एक्सचेंजमधल्या ऑपरेटरला, आणि जास्त अचूक हवी असेल तर थेट वेधशाळेला. पॅरिसच्या वेधशाळेची फोनलाइन या वेळ विचारणाऱ्यांमुळे इतकी अडून राहायची की तिथले संचालक एर्नेस्ट एस्क्लांगों यांनी मशीनच बनवून घेतलं. १४ फेब्रुवारी १९३३ ला ते सुरू झालं. पहिल्याच दिवशी सुमारे १,४०,००० फोन आले आणि त्यातल्या जेमतेम २०,००० लोकांना वेळ ऐकायला मिळाली. आजच्या भाषेत सांगायचं तर लाँचच्या दिवशीच सर्व्हर झोपला.

२४ जुलै १९३६ ला लंडनमध्ये सेवा सुरू झाली. आवाज होता एथेल केन या टेलिफोन ऑपरेटर बाईंचा. देशभरातल्या ऑपरेटरांची स्पर्धा घेऊन त्यांना निवडलं होतं. त्यांचा आवाज सिनेमाच्या पट्टीवर ध्वनी छापतात त्या पद्धतीने काचेच्या चकत्यांवर छापला होता. चकत्या फिरत राहायच्या, प्रकाशाची तिरीप योग्य जागी पडायची आणि वाक्य तयार व्हायचं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. दर दहा सेकंदाला एक घोषणा म्हटली तर दिवसाच्या ८,६४० वेगवेगळ्या घोषणा झाल्या; बारा तासांचं घड्याळ धरलं तरी ४,३२०. कुणीही एवढी वाक्यं रेकॉर्ड करत बसत नाही. तुकडे रेकॉर्ड करायचे आणि जोडायचे. रेल्वे स्टेशनवर गाडीची घोषणा जशी जोडून केलेली वाटते तसंच.

आता इंग्रजी आणि मराठीतला फरक बघा. इंग्रजीत १ ते ५९ मिनिटांसाठी किती तुकडे लागतील? एक ते एकोणीस हे १९, आणि वीस, तीस, चाळीस, पन्नास हे ४. एकूण २३. 'चाळीस' आणि 'सात' जोडले की ४७ तयार. मराठीत हे चालत नाही. सत्तेचाळीस हा 'चाळीस-सात' नाही, एकोणपन्नास हा तर आडनावानेच पन्नासच्या घरात गेलेला. त्रेपन्न, चौपन्न, पंचावन्न, छप्पन्न, प्रत्येकाचा आवाज वेगळा. म्हणजे मराठीत ५९ च्या ५९ आकडे स्वतंत्र रेकॉर्ड करावे लागतात. हिंदीचीही तीच गत. मी कॉलेजात असताना प्रोजेक्ट म्हणून असलं बोलकं घड्याळ बनवलं होतं, आणि आईकडून ५९ आकडे वदवून घेताना तिसऱ्या दिवशी तिने हात जोडले. वर 'सव्वा', 'साडे', 'पावणे', 'दीड', 'अडीच' हवेत असा माझा हट्ट होता. त्यासाठी जोडणीचे वेगळे नियम लिहावे लागले: साडेएक नाही, दीड, साडेदोन नाही, अडीच. पावणेसाठी तर पुढचा तास उचलावा लागतो.

तुकडे जोडून झाले तरी खरी अडचण वेगळीच आहे. "दहा वाजून सत्तावीस मिनिटे आणि वीस सेकंद" हे म्हणायलाच तीन-चार सेकंद जातात. म्हणजे वाक्य संपेपर्यंत सांगितलेली वेळ शिळी होते. यावर जगभर एकच तोडगा निघाला: वाक्यात पुढे येणारी वेळ सांगायची आणि ती वेळ नेमकी कधी झाली हे टोनने दाखवायचं. वाक्य ही फक्त पूर्वसूचना. वेळ म्हणजे तो टोन. आकाशवाणीवर बातम्यांच्या आधी जे 'पीप पीप' वाजतं त्याचंही तत्त्व हेच.

दुसरी गोष्ट, एकाच वेळी शंभर लोकांनी फोन लावला तर शंभर मशीन लागत नाहीत. मशीन एकच, ते अखंड बोलत असतं. एक्सचेंज तुमची लाइन त्या चालू आवाजाला जोडतं, आणि सगळे एकच टोन एकाच क्षणी ऐकतात. हा मुद्दा साधा वाटतो, पण मामाच्या भांडणात तोच कामाला आला असता. सुपरवायझर आणि मामा दोघांनी फोन लावला असता तर दोघांना एकच उत्तर मिळालं असतं, आणि ते उत्तर दोघांपैकी कुणाच्याही हातात नसतं.

मग बंद का पडली?

कारण सरळ आहे. प्रत्येकाच्या खिशात घड्याळ असलेला मोबाईल आला, फोन कमी झाले, आणि जुनी यंत्रं सांभाळणं परवडेना. कॅलिफोर्नियात ही सेवा सप्टेंबर २००७ मध्ये बंद झाली. ऑस्ट्रेलियात ३० सप्टेंबर २०१९ च्या मध्यरात्री. तिथे नवं नेटवर्क आणि जुनी यंत्रणा एकमेकांशी जुळत नाहीत हे कारण होतं. जिथे सुरुवात झाली त्या फ्रान्सने १ जुलै २०२२ ला बोलकं घड्याळ थांबवलं. ब्रिटनमध्ये मात्र १२३ नंबर लावला की आजही वेळ ऐकू येते, आणि जपानमध्ये ११७ वर.

तांत्रिक बाजूही आहे. जुन्या तांब्याच्या लाइनवर आवाज जवळजवळ लगेच पोचायचा, काही मिलिसेकंदांत. आता आवाजाचे तुकडे करून पॅकेटमध्ये भरतात, ती पॅकेट्स वाटेत मागेपुढे होतात म्हणून पलीकडे थोडी साठवून मग वाजवतात. यात शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात, कधी त्याहून जास्त. आजोबांच्या थेंबांना त्याने काही फरक पडला नसता. पण 'अचूक वेळ' हे बिरुद मिरवणाऱ्या सेवेला पडतो.

आता वेळ कोण सांगतं?

तुमच्या मोबाईलला वेळ दोन-तीन वाटांनी कळते. एक, सिमकार्डवाल्या कंपनीचं नेटवर्क ती पाठवतं. दोन, इंटरनेटवरून. तीन, जीपीएसचे उपग्रह, ज्यांच्या पोटात अणुघड्याळं असतात. लॅपटॉप आणि सर्व्हर मुख्यतः इंटरनेटची वाट धरतात, आणि तिच्या नियमावलीचं नाव एनटीपी. डेव्हिड मिल्स या प्राध्यापकांनी ती १९८५ मध्ये मांडली. जानेवारी २०२४ मध्ये ते गेले. इंटरनेटवर अजून चालू असलेल्या सगळ्यात जुन्या गोष्टींपैकी ही एक.

एनटीपीसमोरचा प्रश्न १७४ सारखाच: उत्तर पोचेपर्यंत वेळ शिळी होते. पण इथे टोनचा उपाय चालत नाही, कारण वाटेत किती उशीर होईल हे आधी माहीत नसतं. मग काय करायचं? चार वेळा नोंदवायच्या.

समजा माझ्या लॅपटॉपचं घड्याळ ३ सेकंद मागे आहे. ते मला माहीत नाही.

मी प्रश्न पाठवला, माझ्या घड्याळात १०:००:००.००.
सर्व्हरला तो मिळाला, त्याच्या घड्याळात १०:००:०३.०५.
त्याने उत्तर पाठवलं, त्याच्या घड्याळात १०:००:०३.०६.
मला ते मिळालं, माझ्या घड्याळात १०:००:००.११.

जाताना दोन घड्याळांतला फरक दिसला ३.०५ सेकंद. येताना दिसला ३.०६ वजा ०.११, म्हणजे २.९५. जातानाच्या आकड्यात वाटेतला उशीर मिळवला गेलाय, येतानाच्या आकड्यातून तो वजा झालाय. दोन्हींची सरासरी काढली की उशीर आपोआप कटतो आणि उरतात नेमके ३ सेकंद. कागदावर करून बघा, मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार भारी वाटलं होतं. अट एकच: जाण्याचा आणि येण्याचा वेळ साधारण सारखा हवा. तो सारखा नसेल तर तेवढी चूक उत्तरात शिरते.

(गंमत: एनटीपी ज्या पोर्टवरून बोलतं त्याचा क्रमांक १२३. ब्रिटनच्या बोलक्या घड्याळाचा नंबरही १२३. निव्वळ योगायोग, पण पोर्ट लक्षात ठेवायला सोपं.)

तुम्ही म्हणाल, तीन सेकंदांनी काय बिघडतं? लॉगिनसाठी ॲपमध्ये दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड असतो ना, तो वेळेवरून तयार होतो. घड्याळ एखाद-दोन मिनिटं हललं की कोड चुकीचा. तारीखच चुकली असेल तर सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत, कारण प्रमाणपत्राची मुदत तपासता येत नाही. आणि दोन सर्व्हरच्या नोंदी जुळवताना कोणती घटना आधी झाली हेच कळत नसेल तर तपास कसला करणार? म्हणूनच सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात कंपन्यांना आपल्या यंत्रणांची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या एनटीपी सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी जुळवायला सांगितलं.

ही वेळ येते कुठून?

एनपीएल म्हणजे दिल्लीतली राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा. भारतीय प्रमाण वेळ तिथे तयार होते, म्हणजे तिथल्या अणुघड्याळांनुसार ठरते. सिझियमच्या अणूची ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं म्हणजे एक सेकंद, ही व्याख्या १९६७ पासून जगाने मान्य केलेली आहे. तिथल्या एनटीपी सर्व्हरला कुणीही वेळ विचारू शकतं. पत्ता: टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ऑर्ग.

पण वेळेवर सरकारचा शिक्का ही तुलनेने नवी गोष्ट आहे. भारतीय प्रमाण वेळ १ जानेवारी १९०६ ला लागू झाली, तरी मुंबईत 'बॉम्बे टाइम' नावाची ३९ मिनिटं मागची वेळ त्यानंतरही अनेक वर्षं चालली. आणि सूर्याला विचाराल तर आपल्या छत्रपती संभाजीनगरची वेळही वेगळीच. प्रमाण वेळ ८२.५ अंश रेखांशावरची, आपलं शहर साधारण ७५.३ अंशावर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर आपण जवळजवळ २९ मिनिटं मागे. घड्याळात बारा वाजतात तेव्हा क्रांती चौकात सूर्याच्या हिशेबाने साडेअकराच वाजलेले असतात. म्हणजे 'खरी वेळ' अशी काही आभाळातून पडत नाही. सगळ्यांनी मिळून एक घड्याळ मान्य केलेलं असतं, आणि ते सगळ्यांना बघता येतं म्हणून ते चालतं.

आता केंद्र सरकार ही वेळ सक्तीची करायच्या वाटेवर आहे. भारतीय प्रमाण वेळेच्या नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये सूचनांसाठी खुला केला होता, आणि अहमदाबाद, बंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद, गुवाहाटी इथल्या पाच केंद्रांतून ही वेळ देशभर पोचवायची योजना आहे. बँका, वीज, दूरसंचार यांच्यासाठी हे छानच आहे. पण कंपनीच्या गेटवर उभ्या माणसाला ती वेळ बघायची कशी, हा मामाचा प्रश्न राहतोच.

मशीनचं काय झालं

मामाला म्हटलं, भांडू नकोस, आधी मोजू. रोज बोट ठेवल्यावर मशीनच्या पडद्याचा आणि मोबाईलचा असा दोन्हींचा फोटो एकाच चौकटीत येईल असं बघ. मोबाईलची वेळ 'आपोआप' वर आहे का ते मी आधी तपासून घेतलं. चार दिवसांत फरक दिसला तो असा: सहा मिनिटं चाळीस सेकंद, मशीन पुढे. रोज तेवढाच, एक-दोन सेकंद इकडेतिकडे. कुणी हाताने मागेपुढे करत असतं तर असा एकसारखा फरक आला नसता.

मग एचआरमधला एक मुलगा बोलायला तयार झाला. हजेरीची मशीन त्यांच्या केबिनमधल्या एका कॉम्प्युटरवरून वेळ घेत होती. मी फोनवरून त्याला काळी खिडकी उघडायला लावली आणि विंडोजला वेळेचा स्रोत विचारणारी कमांड टाइप करून घेतली. उत्तर त्याने वाचून दाखवलं: 'लोकल सीमॉस क्लॉक'.

हे तीन शब्द लक्षात ठेवा. याचा अर्थ, हा कॉम्प्युटर बाहेर कुणालाच वेळ विचारत नाहीये, मदरबोर्डवरच्या स्वतःच्या क्वार्ट्झ घड्याळावर चाललाय. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, त्यावरून सेकंद मोजला जातो. स्फटिक स्वस्तातला असला तर दहा लाखांत वीसेक थरथरींची चूक असणं नेहमीचं. ऐकायला नगण्य वाटतं, पण दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर रोज १.७ सेकंद.

विचारपूस केल्यावर कळलं की दिवाळीच्या सुमारास आयटीच्या ठेकेदाराने नवी फायरवॉल बसवली होती. नको ते सगळे पोर्ट बंद. त्यात १२३ पण गेला. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण कॉम्प्युटर ओरडत नाही, तो निमूट आपल्या घड्याळावर चालत राहतो. दिवाळी ते मे अखेर, साधारण २१० दिवस. सहा मिनिटं चाळीस सेकंद म्हणजे ४०० सेकंद. ४०० भागिले २१०, रोज १.९ सेकंद. हिशेब तंतोतंत जुळला. कुणी लबाडी केली नव्हती. कुणी बघितलंही नव्हतं.

तुम्हाला वाटेल, मशीन पुढे असेल तर सुटतानाही लवकर सुटायला मिळत असेल. नाही. सुटायची वेळ मशीन ठरवत नाही, भोंगा ठरवतो, आणि भोंग्याचं घड्याळ वेगळं होतं.

पोर्ट उघडला, घड्याळ पाच मिनिटांत जाग्यावर आलं. पण आधी लागलेल्या लेट मार्कचं काय? एचआरचं म्हणणं, आज घड्याळ चुकलेलं सापडलं यावरून मार्चमध्ये ते किती चुकलेलं होतं हे कसं सिद्ध होतं? प्रश्न चुकीचा नव्हता. इथे कंपनीची बसच कामाला आली. बसमध्ये जीपीएसचा डबा होता, आणि त्याची वेळ उपग्रहाकडून येते, ती केबिनमधल्या कॉम्प्युटरवर अवलंबून नाही. ठेकेदाराकडून नोंदी मागवल्या. बस गेटच्या आत ६:५७ ला, आणि त्याच बसमधल्या माणसांच्या हजेऱ्या ७:०५, ७:०६, ७:०६. गेटपासून मशीनपर्यंत दोन मिनिटं लागतात, नऊ नाही. मागे मागे गेलं तसं हे अंतर कमी होत जाताना दिसलं: मार्चमध्ये साधारण साडेसात मिनिटं, जानेवारीत साडेपाचच्या आसपास. घड्याळ रोज थोडं थोडं पुढे पळत होतं याचा यापेक्षा चांगला पुरावा मला तरी सुचला नसता.

एप्रिल आणि मेचे लेट मार्क काढले. त्याआधीचे नाही, ते पगार 'बंद' झालेत म्हणे. मामाचा अर्धा दिवस परत मिळाला. त्याच्या लाइनवरच्या एका बाईंचे फेब्रुवारी-मार्चमधले दोन अर्धे दिवस गेले ते गेलेच. त्या बसने येत नाहीत, स्कूटीवर येतात, त्यामुळे त्यांच्याकडे दाखवायला जीपीएसची नोंदही नव्हती.

या सगळ्याला मला, म्हणजे संगणकाची पदवी असलेल्या भाचीला, तीन आठवडे लागले. आजोबांना डोळ्यांनी दिसत नसताना भिंतीवरच्या घड्याळाची चूक पकडायला एक फोन पुरायचा.

तुमच्याकडे अशी मशीन असेल तर करायच्या गोष्टी थोड्या आहेत. मोबाईलची तारीख-वेळ 'आपोआप' वर ठेवा आणि मशीनच्या पडद्यासकट फोटो काढा, एक नाही, चार-पाच दिवस सलग. मशीनला वेळ देणारा कॉम्प्युटर कोणता ते विचारा आणि त्याचा वेळेचा स्रोत काय दिसतो ते लिहून घ्या. तिथे 'लोकल सीमॉस क्लॉक' दिसलं तर पोर्ट १२३ बद्दल विचारा. आणि चिडून बोलू नका. समोरच्यालाही बहुतेक ठाऊक नसतं. घरात कुणाची नजर अधू असेल तर बटण दाबल्यावर वेळ बोलणारी घड्याळं मिळतात, आणि मोबाईलला तोंडी विचारलं तरी तो मराठीत सांगतो. आजोबांच्या वेळी ही सोय असती तर त्यांनी दिवसातून चाळीस वेळा विचारलं असतं.

मामा आता दर सोमवारी मशीन आणि मोबाईल ताडून बघतो आणि मला फक्त आकडा पाठवतो. गेल्या सोमवारी आला होता: "मशीन १ सेकंद मागं." मी विचारलं, एक सेकंद कसा मोजलास? तर म्हणाला, "तुझे आजोबा मोजायचे तसा. कानानं. मशीन बोट ठेवल्यावर टुंग करतं ना."